तिकटीवर ठेवलेलं हेल्मेट

डॉक्टरबाईंनी संगणकावर आरतीच्या डोक्याचा फोटो दाखवला. त्याला सीटी स्कॅन म्हणतात. डोकं न उघडता आतलं दिसतं. कवटीच्या आतल्या कडेला चंद्रकोरीसारखा एक पट्टा होता. बाई म्हणाल्या, "सबड्युरल हिमॅटोमा आहे. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठलंय, ते मेंदूला दाबतंय. ऑपरेशन लगेच करावं लागेल." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आजी, हे पोरीला आणलं तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी गडमुडशिंगीची. चौथी शिकलेली. ज्यांच्या घरात सायकल मारणारी, कुस्ती खेळणारी, कबड्डीत पडणारी पोरं-पोरी आहेत, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते. माझी लाज माझ्यापाशी ठेवून कुणाचा फायदा नाही.

आरती माझ्या थोरल्या मुलाची पोरगी. थोरला दुधाची गाडी चालवतो. धाकटा विलास एका कंपनीच्या सायकल टीमचा मॅनेजर. त्यानंच आरतीला टीममध्ये घेतलं. पगारी टीम, पोरींना गणवेश, मागं गाडी. आम्हाला मोठा अभिमान होता.

या टीममध्ये सगळ्याच जिंकायला पळत नाहीत, हे मला उशिरा कळलं. एक लीडर असते. बाकीच्यांनी तिच्यापुढं राहून वारा अडवायचा, मागच्या गाडीतून तिला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, तिची सायकल मोडली तर आपली काढून द्यायची. त्यांना डोमेस्टिक म्हणतात. मी आरतीला विचारलं, म्हणजे काय? ती हसून म्हणाली, "घरगडी, आज्जी." लीडर होती कंपनीच्या मालकाची पुतणी. पोरगी वाईट नव्हती. पण ती जिंकली तर टीम परदेशात जाणार होती, आणि टीमबरोबर विलास जाणार होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

शर्यत काही दिवसांची होती. शेवटून दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून मलकापूरमार्गे आंब्याला जाऊन परत यायचं होतं. परतीच्या उतारावर पुढची एक पोरगी घसरली आणि तिच्या अंगावर चार-पाच जणी गेल्या. त्यात आरती. उठली, सायकलवर बसली, कोल्हापूरपर्यंत आली. आम्हाला एवढंच सांगितलं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला विलास घरी आला. हातात तिचं हेल्मेट होतं. मागच्या बाजूनं कानापासून मानेपर्यंत चिरलेलं. म्हणाला, "आई, अपघाताची वस्तू हाय. घरात नको. उतारा करून तिकटीवर ठिवून ये."

आमच्याकडं तीन रस्ते मिळतात तिथं, म्हणजे तिकटीवर, उतारा ठेवतात. दहीभात, लिंबू आणि जिच्यात पीडा आली ती वस्तू. एकदा ठेवलं की मागं वळून बघायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. विलास आयुष्यभर या गोष्टींना हसत आला. दृष्ट काढायला गेले तर मिरच्या भाजीत घाल म्हणायचा. म्हणून त्या दिवशी मला बरं वाटलं. पोरगं अखेर वळणावर आलं, असं मनात म्हणत मी हेल्मेट ठेवून आले. आजाराच्या हकिगतीत हीच ओळ लिहायला मला सगळ्यात जड जाते.

शेवटच्या दिवशी आरतीनं लीडरला चढावर ओढून नेलं आणि पुढं सपाट रस्त्यावर, जवळ कुणी नसताना, सायकलसकट आडवी झाली. लीडर जिंकली. आरतीला दवाखान्यात आणलं. क्लॅव्हिकल मोडलं होतं. म्हणजे गळ्याखालचं, खांद्याला जोडणारं हाड.

तपासताना डॉक्टरबाईंनी विचारलं, डोक्याला लागलंय का? काल-परवा कधी लागलं होतं का? विलासनं शेवटच्या दिवशी घातलेलं नवं हेल्मेट पुढं केलं. त्याच्यावर ओरखडाही नव्हता. "न्हाय मॅडम, खांदाच," तो म्हणाला.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. विलासनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला समजलं की पोरगं वळणावर आलं नव्हतं, त्यानं माझा हात वापरला होता. समजलं, आणि मी गप्प बसले. त्याची नोकरी, त्याचं परदेश, आणि चारचौघांत आईनं पोराला खोटं कसं पाडायचं, एवढं सगळं त्या एका क्षणात मनात आलं. पोरगी तेवढी आली नाही.

दवाखान्यातला पहिला दिवस हात गळ्यात बांधून गेला. डोकं दुखतंय म्हणाली. विलास म्हणाला, उन्हानं. दुसऱ्या दिवशी तिनं मला तीनदा विचारलं, म्हशीला वैरण टाकली का. आमची म्हैस विकून दोन वर्षं झाली. उलटी झाली. थोरली सून म्हणाली, गोळ्या बाधल्या असतील. दुपारनंतर तिला हाक मारली तर डोळे उघडायची आणि परत मिटायची.

मी बाहेरच्या बाकावर गेले. तिथं पेठ वडगावची एक बाई बसली होती, तिचा नवरा आत होता. तिनं सहज विचारलं, "तुमचं पेशंट कशानं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "डोक्यावर पडलीया." परक्या बाईला मी एका दमात खरं सांगितलं. मग उठले आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. विलास तिथंच उभा होता. त्याच्याकडं न बघता मी सांगितलं, की दवाखान्यात आणायच्या आदल्या दिवशी ती घाटात पडली होती, हेल्मेट मागून चिरलं होतं, आणि ते मी स्वतः टाकून आले.

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं. स्कॅन, आणि तो पट्टा.

ऑपरेशनला क्रॅनिओटॉमी म्हणतात. कवटीचा तुकडा काढायचा, साठलेलं रक्त काढायचं, तुकडा परत बसवायचा. आधी केस काढले. सिस्टरनं तिची वेणी पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

पोरीला आत नेल्यावर विलास माझ्याशेजारी येऊन बसला. बोलत राहिला. कंपनीचा दबाव होता, परदेशातली माणसं बघायला आली होती, दुसरी टीम टपलेली होती, आरती स्वतःच म्हणाली मी पळते. म्हणाला, "तिचं कामच हाय त्ये. डोमेस्टिक हाय ती."

मी म्हणाले, "घरगडीच न्हवं? तुझ्या आज्याकडं घरगडी हुता. ताप आला की त्याला वैरणीला धाडत न्हवता तुझा आजा. आन ही तर तुझ्या भावाची."

तो उठून खिडकीपाशी गेला. थोरला समोर बसला होता. त्यानं दोघांचं ऐकलं आणि मान खाली घातली. भावाची लाज वाटली की आईची, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं की पहिल्यांदा पडल्यावर झालं त्याला कन्कशन म्हणतात. मेंदूला आतून बसलेला धक्का. रक्त दिसत नाही, माणूस चालतं, बोलतं, सायकलही मारतं. पण त्याला तिथंच थांबवायचं असतं. धक्का बसलेल्या माणसाला स्वतःचं कळत नाही, म्हणून 'मी बरी आहे' हे त्याचं बोलणं धरायचं नसतं. "आणि आजी, पडलेलं हेल्मेट टाकायचं नसतं," त्या म्हणाल्या, "आम्हाला दाखवायचं असतं." या वेळी जरा हसल्या. त्या हसण्याचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आलो तर स्टँडपाशी फ्लेक्स लागला होता. आरतीचा फोटो, खाली 'पडली, उठली, लढली', आणि कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून विलास. गावातली माणसं यायची, टोपी घातलेल्या त्या डोक्याकडं बघायची आणि म्हणायची, वाघीण हाय. मी चहा करायला आत जायची.

मग शर्यत भरवणाऱ्यांची दोन माणसं चौकशीला आली. विलासही आला. त्यानं सांगितलं की घाटात खांद्यावर पडली, डोक्याचं कुणाला माहीत नव्हतं. शेवटच्या दिवशी स्वतःच्या चुकीनं पडली. आरतीला त्या दोन दिवसांतलं काहीच आठवत नाही. हेल्मेट बदललं का, असं त्या माणसांनी विचारलं. विलास म्हणाला, "कुठलं हेल्मेट?"

मी चपला घातल्या आणि तिकटीवर गेले. भात मुंग्यांनी नेला होता, लिंबू वाळून काळं पडलं होतं. हेल्मेट जिथं ठेवलं तिथंच होतं. उताऱ्याला कोण हात लावतंय? ज्या रिवाजाच्या भरवशावर विलासनं ते नाहीसं केलं, त्याच रिवाजानं ते राखलं. मी उचललं. पानाच्या दुकानातली माणसं बघत राहिली. एक म्हणाला, "म्हातारे, त्येला हात लावू नगंस." मी पदर खोचून भर रस्त्यानं ते घरी आणलं आणि पावण्यांच्या पुढं ठेवलं. कुणी दिलं, कुणी टाकलं, दोन्ही नावं सांगितली.

चौकशीत निघालं की घाटात मागच्या गाडीतून उतरून विलासनंच तिला धरून सायकलवर बसवलं होतं. विलासला टीमनं काढलं. मालकांना कुणी काही विचारलं नाही. आम्हाला हेल्मेटबद्दल काहीच माहीत नव्हतं, असं त्यांनी सांगितलं आणि ते चाललं. विलास आता घरी येत नाही. त्याची बायको येते, मान वर न करता बसते, मी तिला जेवू घालते.

आरतीचे केस बोटभर आलेत. डॉक्टरबाई म्हणतात, सायकलचं पुढच्या तपासणीनंतर बघू. तिला घाई आहे, मला नाही. नाही म्हणणारी मी कोण, पण या वेळी गप्प बसणार नाही एवढं ठरलंय.

फ्लेक्स थोरल्यानं काढून सरपणावर झाकायला घातला. परवा आरती त्याच्याकडं बघत उभी होती. आमच्याकडं पोरी पोरांसारख्याच बोलतात. म्हणाली, "आज्जी, मला काय बी आठवत न्हाय. मी पडलो तवा लगेच उठलो व्हय गं?"

गाव तिला व्हय म्हणतं. तिचा बापही व्हय म्हणतो.

मी म्हणाले, "न्हाय बाळ. तू उठली न्हाईस. तुला उठीवलं."