विळा बंदरात राहिला

मी बंदराच्या फाटकाच्या आत एक अख्खी दुपार काढली, पण समुद्र काही पाहिला नाही. वास मात्र आला. सुकटीच्या डब्याचं झाकण काढावं तसा वास, आणि त्यात डिझेल मिसळलेलं. गावाकडं कुणाला हे ठाऊक नाही.

आमचे हे नागापूरच्या एमआयडीसीतून कंटेनरची गाडी बंदरावर नेतात. लेक पनवेलला दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं. तिला सासू नाही. मग मी माहेरच पिशवीत भरलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळगुटीची मुळं, सुंठ-ओव्याची पूड, शेकाला गोवऱ्यांचे तुकडे, काडेपेटी, आणि तळाला जुन्या लुगड्यात गुंडाळलेला विळा. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड लागतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत हाच विळा माझ्या उशाखाली होता, त्याआधी माझ्या आईच्या.

त्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन आला. "आई, मला ॲडमिट करून घेतलंय. तू ये ना लवकर. मला भ्या वाटतंय."

मी एसटीनं निघणार होते. हे म्हणाले, "गाडी तिकडंच चाललीया. यष्टीत धक्के खात कशाला जाती? दारात सोडतो तुला."

मला एसटीच बरी वाटत होती. पण मी बोलले नाही. माझं पहिल्यापासून असंच आहे. शब्द तोंडापर्यंत येतो आणि तिथंच विरघळतो.

घाटात गाड्या अडकल्या. ह्यांना सारखे फोन येत होते. जहाजाची वेळ ठरलेली असते, त्याच्याआधी कंटेनर आत गेला नाही तर तो मागं राहतो आणि बोल ड्रायव्हरला लागतो. पनवेलचा फाटा आला तशी मी पिशवी मांडीवर घेतली. गाडी वळली नाही.

"अहो, पनवेल..."

"आधी डबा उतरवू दे. मग सरळ दवाखान्यात. तासाभराचं काम हाय."

बंदराजवळ गाड्यांची रांग लागली होती. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी, आणि जिकडं बघावं तिकडं ड्रायव्हर. एक बाई दिसेना. आत जायला पास लागतो आणि तो फक्त ड्रायव्हरला मिळतो. ह्यांनी टपरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "इथं एकटी कुठं बसती? मागं पडून ऱ्हा. पडदा लावून घे. हालू नको."

सीटच्या मागं झोपायला फळी असते. तिथं त्यांची गोधडी, त्यांनी माझ्या उशाला ठेवलेली पाण्याची बाटली, त्यांच्या घामाचा वास आणि उकाडा. पडदा लावल्यावर डालग्यात कोंबडी झाकावी तशी मी झाकली गेले. गाडी दोन हात पुढं जायची, थांबायची. मी फोन छातीशी धरून पडले होते. मधे लेकीचा फोन आला तर काय करायचं हे मी ह्यांना विचारलं नव्हतं. पण फोन आला नाही. गाडी थांबली, दार उघडलं आणि कुणीतरी सरळ पडदाच सरकवला.

बंदूकवाला जवान होता. तो माझ्याहून जास्त दचकला.

मला एका खोलीत नेलं. एक टेबल, एक बाकडं, भिंतीवर मोठी पाटी. बाई जवानानं "हाथ ऊपर, अम्मा" म्हणत माझी झडती घेतली. बांगडीतल्या पिना पाहिल्या, एक बोटानं हलवली आणि राहू दिली. मग पिशवी टेबलावर रिकामी केली. लेकीचं माहेर असं परक्या टेबलावर मांडलेलं पाहून मला कपडे उतरवल्यासारखं झालं.

साहेब मराठी होते. चष्मा लावलेले, आवाज हळू. त्यांनी पुडी उघडून वास घेतला. गोवरीचा तुकडा उलटासुलटा करून पाहिला. काडेपेटी बाजूला ठेवली. लुगड्याची घडी उलगडली तसा विळा बाहेर आला.

"हे काय आहे, मावशी?"

मी जमिनीकडं पाहिलं.

"आत तेलाच्या टाक्या आहेत. एक काडी पुरते. आणि तुम्ही काडेपेटी, गोवऱ्या आणि विळा घेऊन पडद्यामागं झोपलाय."

ते बोलत होते ते खरंच होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही मला धरलं असतं.

तेवढ्यात ह्यांना आणलं. घरात ज्यांचा आवाज ओट्यापर्यंत येतो, ते टोपी हातात धरून उभे. "साहेब, मला ठावं नव्हतं. चहाला उतरलो तवा चढली आसंल."

"तुमची बायको तुम्हाला न कळता गाडीत चढली, आणि मागं जाऊन झोपली?"

"लई हट्टी हाय साहेब ती."

मी जन्मात कधी हट्ट केलेला नाही. बाई जवानाला मराठी कळत नसावी, तरी ती गालात हसली.

"आणि उशाला पाण्याची बाटली तुम्ही कुणासाठी ठेवली?" साहेबांनी विचारलं. मग साहेब माझ्याकडं वळले. "बाई, खरं आहे का हे?"

नाही म्हणावं तर ह्यांचा पास जाणार. होय म्हणावं तर विळा घेऊन चोरून शिरलेली मी एकटी. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते पाटीकडं पाहत होते.

टेबलावर माझा फोन वाजला. लेकीचा होता. तिचा फोन आला की लागणारं गाणं तिनंच घालून दिलेलं आहे. बाई जवानानं फोनवर हात ठेवला. गाणं तिच्या पंजाखाली वाजत राहिलं आणि थांबलं.

ह्यांना गाडीपाशी नेलं. कंटेनरची, चाकांची, सगळ्याची झडती होणार होती. साहेब कागदावर लिहायला लागले. मी बाकड्यावर बसले. बसल्या जागी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून भिंतीवरची पाटी वाचायला घेतली. माझं वाचन चौथीतलं. जोडाक्षराशी थांबावं लागतं. बंदराच्या हद्दीत अधिकाऱ्यांना कोणतंही वाहन थांबवता येतं. कोणाचीही झडती घेता येते. पास नसलेल्या माणसाला रोखून ठेवता येतं, किंवा हद्दीबाहेर काढता येतं. शेवटची ओळ मी पुन्हा वाचली.

फोन परत वाजला. या वेळी गाणं लवकर तुटलं. तिनंच ठेवला असावा, किंवा तिच्या हातातून सुटला असावा. मला माझी पहिली वेळ आठवली. आई बाहेर चुलीपाशी होती आणि मी तिला नुसती हाका मारत होते. ती आत आली तेव्हा माझा आवाज थांबला होता.

"साहेब," मी म्हणाले. खोलीत तो आवाज माझा आहे हे मलाच कळायला वेळ लागला. "लेक बाळंत होतीय. पनवेलला. विळा तिच्या उशाखाली ठेवायचाय. गोवऱ्या शेकायला. फोन तिचाच हाय."

साहेबांनी पेन थांबवलं.

"त्या पाटीवर लिहिलंय, बाहेर काढता येतं. मला काढा."

ते थोडं हसले. चिडून नव्हे. "काढता येतं, मावशी. पण अडवायचं मी एकटा ठरवू शकतो. सोडायचं नाही. वरच्या साहेबांना विचारावं लागतं."

त्यांनी फोन लावला. वरचे साहेब कुठंतरी जहाजावर होते. परत लावला. मी त्यांच्या हातातल्या फोनकडं पाहत होते आणि ते घड्याळाकडं. त्या वेळी मला वाटलं, हाही माणूस ह्याच खोलीत अडकलेला आहे.

शेवटी होकार आला. पूड आणि लाडू पिशवीत परत भरले. काडेपेटी, गोवऱ्या आणि विळा तिथंच राहणार. ह्यांचा पास सध्या जमा. कंटेनर उतरवून झडती होईपर्यंत हे आतच.

"तुम्ही नवरा येईपर्यंत इथंच बसा," साहेब म्हणाले. "बाहेर नुसते ट्रकवाले आहेत. इथं सुरक्षित आहे."

"मी पनवेलला जाईन."

"रस्ता माहीत आहे?"

"विचारीन."

बाई जवान फाटकापर्यंत आली आणि फोन माझ्या हातात दिला. तो मेला होता, चार्जिंग संपलेलं. बाहेर तीच टपरी होती, जिच्यापासून मला लपवलं होतं. मी चहावाल्याला पनवेलचं विचारलं. त्यानं एका ड्रायव्हरला हाक मारली, त्यानं रिक्षा थांबवली, रिक्षातल्या माणसानं सरकून जागा दिली. एवढंच होतं ते.

दवाखान्यात पोचले तेव्हा लेकीच्या कुशीत मुलगी होती. नुकतीच पुसलेली. जावई औषधं आणायला खाली गेले होते. लेकीचे ओठ फुटले होते.

"आई, फोन का नाही उचलला? मी किती बोलावलं तुला."

"जॅम होता गं, घाटात," मी म्हणाले.

"विळा?"

"राहिला घरी."

ती तोंड फिरवून पडली. मी बांगडीतली पिन काढली, ती बंद करून तिच्या उशीच्या अभ्र्याखाली सरकवली. लोखंडच ते. लेकीला सांगितलं नाही.

संध्याकाळी हे आले. दारातच थांबले. नात बघायच्या आधी माझ्या तोंडाकडं पाहत होते, मी काय सांगितलंय ते शोधत. लेकीनं बापाला विचारलं, "दादा, तुम्हाला एवढा वेळ?"

"लई जॅम हुता बाई, घाटात," हे म्हणाले.

लेकीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी बाळाचं टोपडं नीट केलं.