कमी व्होल्टेजची कानडी

मास्तरकीचं नेमणूकपत्र माझ्या ट्रंकेत घडी करून ठेवलेलं होतं, पण ते अर्धंच खरं होतं. कानडीची तोंडी परीक्षा पास झालात तरच रुजू व्हा, अशी त्यात अट होती, आणि संधी दोनच. मी सीमेवरच्या ठाणाकुशनूरकडचा. शाळा मराठी, बाजारात दखनी आणि तेलुगू. कानडी म्हणजे बसच्या कंडक्टरपुरती.

तेव्हा मी विद्यापीठात एम.ए. करत होतो. त्याच वर्षी ग्रंथालयात ‘श्रवणकक्ष’ निघाला. काचेची एक खोली, त्यात एक टेपरेकॉर्डर, एक हेडफोन आणि कानडी शिकवणाऱ्या बारा कॅसेटी. राखणीला खटकचिंचोळीचे एक शिपाई नेमले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

कॅसेटमधला माणूस एक वाक्य बोलायचा आणि सांगायचा, आता मोठ्यानं म्हणा. मी मोठ्यानं म्हणालो. अण्णांनी भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीवर बोट ठेवलं.

“अण्णा, तोच म्हणायलाय की मोठ्यानं म्हणा.”

“त्याचं काय जातंय? तो मशीनमधी हाय, तू लायब्ररीत हायस. नुसते ओठ हलव.”

तीन महिने मी ओठ हलवले. काचेबाहेरची मुलं माझ्याकडे बघून हळहळायची. त्यात दुपारी व्होल्टेज पडायचं. यंत्राची चाल मंदावायची आणि आतला माणूस खर्जात, एकेक अक्षर ओढत बोलायला लागायचा. बाजारातली कानडी भरभर असते, ही परीक्षेची आहे, भारदस्त असणारच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझी अक्कल तेवढीच.

परीक्षा घ्यायला तिघे बसले होते. पहिल्यानं गाव विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या तोंडातून कानडी आवाजासकट बाहेर पडली, आणि तो आवाज कॅसेटमधल्या माणसाचा होता. “न…न्न… ऊ…रु…” ‘माझं गाव’ एवढं म्हणून पुढे गावाचं नाव येईपर्यंत दुसऱ्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिसऱ्यानं हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ‘घरी सगळे मजेत आहेत’ हे वाक्य चौथ्या धड्यात होतं. ते मी अशा काही सुरात म्हणालो की तिघांनीही माना खाली घातल्या. शेरा मिळाला, प्रकृती सुधारल्यावर पुन्हा यावे.

एक संधी गेली. श्रवणकक्षात येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं, तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला त्यांचा भयंकर राग आला. हा माणूस दिवसभर सगळ्यांशी फडाफडा कानडी बोलायचा, आणि माझ्याशी तेवढी मराठी.

“मग माझ्यासंगं कामून बोलला न्हाईत कानडी?”

“तुला परकं वाटू नये म्हणून. आन् तुला मशीनच पायजे हुतं की.”

खरंच होतं ते. कानडी हातभर अंतरावर बसली होती आणि मी कानाला डबडी लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाहेर कडुलिंबाखालच्या चहाच्या टपरीवर बसायला लागलो. जाण्याआधी मात्र नोंदवहीत सही करायची: श्रवणकक्ष, एक तास. यंत्र वापरात दिसलं नाही तर ते दुसरीकडे जाईल आणि आपण परत पुस्तकांची धूळ झटकायला, अशी अण्णांना धास्ती होती. चहा कानडीत मागायचा, चुकलं तर मिळायचा नाही. पहिला आठवडा माझा कोरडाच गेला. दुसऱ्या परीक्षेत मात्र प्रश्न संपायच्या आत गाव सांगून मोकळा झालो. पास झालो.

ग्रंथपाल खूश झाले. नोंदवही पुढे करून म्हणाले, “यंत्रामुळे शिकलात, अभिप्राय लिहा.” अण्णा दारात हात बांधून उभे होते, त्यांची काही तक्रार नव्हती. मलाच ते सहन होईना. शेवटचा रकाना होता ‘साधनात दोष असल्यास’. त्यात मी कानडीत लिहिलं, माझ्या मनाचं पहिलंच कानडी वाक्य: यंत्र फार चहा पितं.

ग्रंथपालांनी ते वाचलं, विचार केला आणि खाली लाल शाईनं लिहिलं, दुरुस्तीस पाठवावे.

यंत्र खोक्यात बसून बंगळूरला गेलं. नसता शहाणपणा करून मी अण्णांची खुर्ची घालवली, ही बोच घेऊनच नोकरीवर रुजू झालो. दिवाळीच्या सुट्टीत माफी मागायला गेलो, तर काचेच्या खोलीला कुलूप होतं. अण्णा कडुलिंबाखाली बसलेले, समोर बसवकल्याणकडची तीन मराठी पोरं, आणि मांडीवर तीच नोंदवही.

“मशीन अजून दुरुस्तीला हाय,” ते कानडीत म्हणाले, “म्हणून वर्ग हितं भरायलाय. तू आधी सही कर.”

मी सही केली आणि चहा मागितला. भेटीच्या भरात बोलण्यात काहीतरी चुकलं, आणि मास्तर असूनही मला चहा मिळाला नाही.