उस्मानभाईंचे कान

हे मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही. त्या दिवशी ती घरातच होती, पुरावा तिनंच आपल्या हातानं झाडून बाहेर टाकला — तरी तिला माहीत नाही. आता तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ही गोष्ट एकदा तोंडातून बाहेर पडली की कशी दिसते, ते मला बघायचं असेल.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोणगावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळतात, लोक त्या माझ्याकडे आणून टाकतात, मी जळकी तांब्याची तार उपसतो आणि नवी भरतो. वीस वर्षं झाली. पण घरामागच्या पत्र्याच्या खोलीत माझं दुसरंच चालतं — मी इलेक्ट्रिक बास गिटारी बनवतो, जाड, खर्जातल्या सुरांच्या. मोडलेल्या घरांच्या सागवानी चौकटी आणतो, त्यातून गिटारीचं अंग कापतो, शिसवाच्या पट्टीवर सुरांचे धातूचे पडदे ठोकतो, चार जाड तारा चढवतो. लोक हसायचे. मोटारवाला अन् गिटार?

मला मात्र त्या वाद्याचं कुतूहल कधी संपलंच नाही. भरीव लाकूड, पोकळी कुठेच नाही — मग आवाज येतो कुठून? तारांखाली एक चपटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची जाड तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज तयार होते, आणि तीच पुढे स्पीकरमधून आवाज होऊन निघते. म्हणजे बघा, मोटारीत मी जे भरतो तेच हे, फक्त उलटं. तिथे विजेनं हालचाल, इथे हालचालीनं वीज! हे कळलं त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून नुसता बसून राहिलो होतो.

हे वेड मला ज्यांना ऐकून लागलं ते उस्मानभाई. धाड गावचे. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. लग्नांना, उरुसांना, गणपतीत कार्यक्रम करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात ते बास वाजवायचे. तरुणपणी काही वर्षं मुंबईत होते, तिथे एका म्हाताऱ्या वादकानं स्वतःची परदेशी बास त्यांना देऊन टाकली होती. ती त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी खांद्याला लावू दिली नाही. ऑर्केस्ट्रा आमच्या गावात आला तेव्हा मी माझी पहिली बास घेऊन स्टेजमागे गेलो, नाव सांगितलं. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. मांडीवर घेतली, डोळे मिटून दोन-चार सूर वाजवले आणि म्हणाले, "लाकूड झ्याक हाये बे गजू. पण आवाजाले पोट नाई."

पोट. तो शब्द माझ्या डोक्यात बसला. त्यांच्या बासच्या आवाजाला पोट होतं — सूर कानात यायच्या आधी बरगड्यांत यायचा. माझ्या पिकअपचा आवाज नुसताच कोरडा. मी वेढे वाढवले, कमी केले, चुंबक बदललं. चार वर्षं हेच चाललं. त्या परदेशी डबीत असं काय होतं, जे माझ्या डबीत नव्हतं?

मग एका वर्षी गणपतीच्या आधी उस्मानभाई स्वतः ती बास घेऊन माझ्या दारात आले. आवाज कमी-जास्त करायचं बटण फिरवलं की खरखर यायची.

"हप्ताभर ठेव," ते म्हणाले. "पण सांभाळून बे. हिच्यासारखी दुसरी मले या जन्मात भेटत नाई."

बटणाचं काम पंधरा मिनिटांचं होतं. ते मी त्याच दिवशी केलं. पुढचे सहा दिवस बास माझ्या खोलीत होती.

इथे मी थांबू शकलो असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाइट नव्हती, दुकानात काम नव्हतं. मी पिकअपचे स्क्रू सोडले. नुसतं बघायचं, असं मी स्वतःला म्हणालो. डबीचं झाकण काढलं. आत तांब्याचा तो गुंडाळा — लालसर, मऊ, कुणीतरी हातानं भरलेला. मशीननं भरलेले वेढे शेजारी शेजारी शिस्तीत बसतात, हे तसे नव्हते, जरा तिरपे, जरा सैल. पोट यात होतं का? मी सुईच्या टोकानं एक वेढा जरासा उचलून पाहिला आणि तार तुटली.

आतापर्यंत मी जे सांगितलं त्याला तुम्ही अपघात म्हणाल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण ते खरं नाही — कारण तुटलेलं टोक वरच होतं, मला दिसत होतं. लाइट आल्यावर भिंगाखाली धरून जोडता आलं असतं. मोटारींच्या याहून अवघड जोडण्या मी रोज करतो. अर्ध्या तासाचं काम. मी सोल्डरची कांडी हातातही घेतली होती. मग ती खाली ठेवली. कारण माझ्या मनात आलं, एवीतेवी तुटलीच आहे, तर वेढे किती आहेत ते मोजून तरी घेऊ.

आणि मी ती सगळी उलगडली. दुपारी लाइट आली, मशीनला काउंटर लावला, आणि तार उलटी फिरवत, मध्ये तुटली की आकडा पाटीवर लिहीत, पुन्हा धरत — संध्याकाळपर्यंत. आठ हजारांच्या पुढे वेढे निघाले. मला आनंद झाला होता. हे मला सांगितलंच पाहिजे — दुसऱ्याची वस्तू खोलीभर विस्कटून मी आनंदात होतो. बायको चहा घेऊन आली, फरशीवर पाहून म्हणाली, "अगं बाई, हे केस कोनाचे?" आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन तिनं ते गोळा केले.

आता डबीत काहीतरी भरायला हवं होतं. तितकी बारीक तार माझ्याकडे नव्हती. माझ्याकडची सगळ्यात बारीक तार त्याहून जाड होती, तिचे वेढे कमी मावले. मी भरली. झाकण लावलं. स्क्रू आवळले. बाहेरून काहीच कळत नव्हतं.

उस्मानभाई आले. खुर्चीवर बसून बास मांडीवर घेतली. पहिलाच सूर वाजवला आणि त्यांचा हात थांबला. पुन्हा तोच सूर. मग बटण फिरवून पुन्हा.

"आवाज बदलला बे."

"नाई उस्मानभाई. म्या फक्त बटन बदललं."

"नाई, पाह्य. पोट गेलं हिचं." ते माझ्याकडे बघत होते. त्यात संशय नव्हता. मी इलेक्ट्रिकचा माणूस, मलाच कारण माहीत असणार, म्हणून विचारत होते. "काऊन असं होऊन राह्यलं?"

आणि मी म्हणालो — नेमके शब्द अजून आठवतात — "तुमी इतके वर्षं स्पीकरच्या पुढं उभे राह्यले उस्मानभाई. एकदा कान दाखून घ्या."

कुठून आलं ते माझ्या तोंडात? चुंबक जुनं झालं असेल, असं म्हणता आलं असतं. पावसाळी हवा म्हणता आलं असतं. ती खोटी कारणं वस्तूवर गेली असती. मी त्यांच्यावर नेलं. कारण, मला वाटतं, चुंबक म्हटलं असतं तर ते उघडून दाखव म्हणाले असते. कान उघडून दाखवता येत नाहीत.

ते बुलढाण्याला डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि जे होतं ते सांगितलं — वयानुसार थोडं कमी झालंय. साठीकडे झुकलेल्या कुठल्या माणसाचं नसतं? पण उस्मानभाईंनी मला फोन केला. "बरं झालं तू सांगतलं. दुसरा कोनी बोलला नसता." पुढे मी शोधून वाचलं — वयानं ऐकू येईनासे होतात ते आधी बारीक, उंच आवाज. बासचे जाड सूर सगळ्यात शेवटी जातात. म्हणजे ती तपासणी खरी असली तरी त्यांच्या तक्रारीशी तिचा संबंध नव्हता. हे मला कळलं तेव्हा ते अजून ऑर्केस्ट्रात होते. मी फोन केला नाही.

तो गणपती त्यांनी वाजवला. दर कार्यक्रमात ते साउंडवाल्याला खुणा करत राहिले, आवाज वाढव, खालचा वाढव. बाकीचे वैतागले. दिवाळीनंतर त्यांनी स्वतःहून ऑर्केस्ट्रा सोडला. ऐकू येत नसताना इतरांचा कार्यक्रम कशाला बिघडवायचा, म्हणाले.

पुढे मला नागपूरला हवी तशी बारीक तार मिळाली. पाटीवरचा आकडा मी वहीत उतरवला होताच. तेवढे वेढे, तसेच तिरपे, तसेच सैल, हातानं भरले — आणि आवाजाला पोट आलं. आता अकोल्याहून, जालन्याहून पोरं माझ्याकडे पिकअप भरायला येतात. त्या वेळी उस्मानभाईंची डबी दुरुस्त करता आली असती. एका दुपारचं काम. पण उघडायला कारण काय सांगणार होतो?

ती नवी बास त्यांना दाखवायचा मोह मला आवरला नाही. का न्यावी ती मी धाडला? शाबासकी हवी होती? की पकडलं जायचं होतं? अजून ठरवता आलेलं नाही. "मले काय दाखवतं, माह्ये कान गेले," असं म्हणत त्यांनी ती घेतली. एक सूर वाजवला. मग कितीतरी वेळ वाजवत राहिले. थांबले तेव्हा डोळे भरले होते.

"गजू, हा त माह्या बासचा आवाज हाये." आणि मग, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, "हे ऐकू येऊन राह्यलं मले. मंग ते काऊन येत नवतं?"

ते खऱ्या गोष्टीच्या एवढ्या जवळ आले होते. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी त्यांना कळलं असतं. मी म्हणालो, "आठवण असते उस्मानभाई. कान तेच ऐकतेत जे आपल्याले ऐकाचं असते."

त्यांनी मान हलवली. बास मला परत दिली.

गेल्या महिन्यात मी पुन्हा धाडला गेलो, सांगायचंच असं ठरवून. उस्मानभाई आता घरीच असतात. डॉक्टरांच्या त्या तपासणीपासून घरातले सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात. सून ओरडते, नातवंडं ओरडतात, भाजीवालासुद्धा. आधी ते 'हळू बोला' म्हणायचे, कुणी ऐकलं नाही, मग म्हणणं सोडलं. मी दारात मोटारसायकल लावून आत गेलो तर ते आधीच दाराकडे तोंड करून बसलेले.

"गाडीची चैन ढिल्ली झाली तुह्या," ते म्हणाले. "वळणावरूनच ऐकू आलं."

मी बाहेर जाऊन पाहिली. खरंच ढिली होती. परत येऊन बसलो. मी वाक्य जुळवून आणलं होतं, "उस्मानभाई, तुमची ती बास..." एवढं म्हणालोही. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि घरभर ओरडली, "अब्बा! चाय पिओ!" ते दचकले. बशीत चहा सांडला. तो त्यांनी रुमालानं पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हाव, बोल. काय म्हणत होता?"

"काई नाई," मी म्हणालो.

मी अगदी हळू बोललो होतो. त्यांना ते स्पष्ट ऐकू आलं.