कपाटाची काच

शेलारकाका बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत, तोंडाकडे बघत. स्वारगेटजवळच्या टायपिंगच्या दुकानात टाइपरायटर जाऊन दोन कॉम्प्युटर आले, तेव्हा मी तिथे लागले. वडील मार्केट यार्डात हमाल, घरात बी.कॉम. झालेली पहिली मीच, आणि ते मी सगळ्यांना सांगत असे. अर्ज टाइप करून घ्यायला आलेल्या काकांची नजर ओठांवरून हलेना, म्हणून मी तोंडापुढे ओढणी धरली.

“तोंड झाकून बोलणाऱ्याचं मला काय पटत न्हाई, ग्रॅज्युएट बाई.”

काका तोफखान्यातले निवृत्त हवालदार. तोफांच्या आवाजाने कान गेले, म्हणून त्यांनी अपंगत्वाची पेन्शन मागितली होती. ती नाकारली गेली, कारण निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत शेरा होता: ‘श्रवण उत्तम’. आता अपील लिहायचे होते.

स्क्रीनकडे बघत मी त्यांना तीन प्रश्न विचारले. एकाचेही उत्तर नाही. मान वळवली तर काका शांतपणे माझ्या तोंडाची वाट बघत बसलेले. इतक्या बहिऱ्या माणसाला ‘उत्तम’ शेरा मिळाला कसा? मला राहवेना.

“डॉक्टर पाठीमागनं हळू बोलतो, आपण तेच परत म्हणायचं,” काका म्हणाले. “माझ्यासमोर औषधांचं कपाट होतं. काचेचं.”

“काचेत ओठ वाचलेत?”

“मग? सगळे फिट म्हणून घरी चालले, मी एकटा बहिरा म्हणून जाऊ?”

“अहो काका, हे लिहिल्याशिवाय तो शेरा खोटा कसा ठरणार?”

ते उठून गेले. चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी कडक इस्त्रीच्या शर्टात आले आणि उभ्यानेच म्हणाले, “लिवा. कपाटाचं पण लिवा.”

काही महिन्यांनी फेरतपासणी झाली. काका तिथून थेट दुकानात आले.

“या टायमाला समोर खिडकी होती. तावदानात डॉक्टर सगळा दिसत होता.”

“मग?”

“डोळं मिटलं. साहेब बोलला आणि हवालदार शेलारनं उत्तर दिलं न्हाई, असं आयुष्यात पयल्यांदा झालं.”

पेन्शन मंजूर झाल्याचे पत्र घेऊन ते आले, तेव्हा दुकानात गर्दी होती. कॉम्प्युटर कंपनीतला एक तरुण मोबाइलवर नजर ठेवूनच त्यांना सरकायला सांगत होता. काकांनी त्याच्या खांद्यावर बोटाने टकटक केले.

“माझ्याकडं तोंड करून बोला, साहेब. मला ऐकू येत न्हाई.”

आज काका नाहीत. पण कुणी बोलायला आले की मी अजून स्क्रीनकडे पाठ करून बसते.