चार चिमट्यांची विमानं

कपड्यांच्या चिमट्यांवरून एकदा सकाळी आमचं भांडण झालं.

बादली गॅलरीत, हात ओले, आणि चिमटे गायब.
हे ओट्यावर चार चिमटे मांडून उभे. एक पुढे, दोन बाजूंना, एक मागे.

"अहो, द्या इकडे. चादर उडेल."
"थांब गं. फॉर्मेशन मोडू नकोस."

ह्यांनी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली. विमानात बसले एकदाच, आम्ही बंगळूरला एअर शो बघायला गेलो तेव्हा.

तिथे परदेशातली एक जेट टीम आलेली. सैन्यातली नाही, खाजगी. जुनी ट्रेनर जेट घेऊन देशोदेशी शो करणारी माणसं, दोघांचे तर केस पिकलेले.
पंखाला पंख लावून चारही विमानं उलटी झाली, तेव्हा हे टाळ्या वाजवायचे विसरले.
"आमचं माप चुकलं तर लेथवरचा जॉब भंगारात जातो," एवढंच म्हणाले. "यांचं चुकून चालत नाही."

मी नववीपर्यंत शिकलेली. घरी आल्यावर डिक्शनरी घेऊन अशा टीम्सबद्दल मिळेल ते वाचलं. हे व्हिडिओ बघायचे, मी वाचलेलं सांगायचे.

एक गोष्ट त्यांना फार आवडलेली. मागचा पायलट जमिनीकडे बघत नाही, आकाशाकडेही नाही. फक्त लीडरच्या विमानाकडे.
आणि लीडर मागे वळून बघत नाही. माणसं जागेवर आहेत असं धरूनच चालतो.
"म्हणजे लीडरचं काम जास्त अवघड," हे म्हणाले.

मग ह्यांना स्ट्रोक आला.

उजवा पाय ओढला जायचा. पडायची इतकी भीती की नजर फरशीवरून हलायची नाही, आणि खाली बघितलं की तोल जायचा. शेवटी पलंगावरून उठायलाच नको म्हणू लागले.
डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता झोपून राहिले तर पुन्हा चालणार नाहीत.

मी त्यांचे दोन्ही हात धरून, त्यांच्याकडे तोंड करून उलटी चालायचे. चूक तिथेच होती. माझ्या चेहऱ्यावरची भीती त्यांना दिसायची.

एका सकाळी मुलीला, सायलीला, त्यांच्या बाजूला उभं केलं आणि मी पाठ फिरवली.

"खाली बघायचं नाही. माझ्या खांद्याकडे बघा. गॅलरीपर्यंत जायचंय."

बारा पावलं. मी एकदाही वळले नाही. मागून फक्त स्लीपर घासल्याचा आवाज.

कठड्याला हात लागल्यावर म्हणाले, "लीडर, स्पीड जरा कमी ठेव."

पुढे दीड वर्ष रोज सकाळी आम्ही असेच गॅलरीत गेलो. मी बादली घेऊन पुढे, हे चिमटे घेऊन मागे.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी हे गेले. झोपेत.

अहो, तुम्ही कधी जागा सोडली नाहीत. मनापासून नमस्कार.

हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. नणंद म्हणाली, वहिनी, आज राहू दे.
मी बादली उचलली. पलंगापासून बारा पावलं हळू चालले आणि ह्यांचा शर्ट वाळत घातला.

मागे वळून बघितलं नाही.