अम्मा, मिओ आणि दुपारचा टीव्ही

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि, खरं सांगायचं तर, वाचता वाचता मनातल्या मनात मार्क कापत जाते. शारजातल्या एका इंडियन शाळेत बरीच वर्षं सायन्स शिकवतेय, त्यामुळे हात तसाच वळलाय. खिडकी आपोआप उघडली — वारा. कुणीतरी नावाने हाक मारली — अर्धवट झोप. कुत्रं रिकाम्या कोपऱ्याकडे बघून भुंकलं — कुत्री भुंकतातच. आता माझंच काहीतरी लिहायला बसलेय, तेव्हा तुम्हीही खुशाल कापा. घाबरण्यासारखं यात काही नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

आम्ही अल मजाजला राहतो, लगूनच्या काठाने टॉवर्सची जी रांग आहे त्यातल्या एकात, अकराव्या मजल्यावर. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. माझा नवरा इक्बाल रास अल खैमाला टाइल्सच्या एका कारखान्यात आहे — उजाडायच्या आत निघतो, मगरीबच्या नमाजानंतर, अंधार पडल्यावर घरी. मुलगी सना इथेच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. आणि इक्बालची आई, अम्मा.

अम्मांना दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला. उजवी बाजू कमजोर झाली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, समजतंही बरंचसं, पण शब्द आता बाहेर येतील असं धरून चालू नका. आणि ज्या बाईची वाचा गेली ती कशी होती म्हणाल तर... लिफ्टमध्ये भेटलेल्या सुदानी शेजारणीशीही कोकणीत गप्पा मारणारी. ती शेजारीण मान डोलवायची, हसायची, पार्किंगपर्यंत दोघींचं चालू असायचं. त्या अम्मा आता हॉलमधल्या रिक्लायनरवर बसून दिवसभर टीव्ही बघत. सिरियल्स, बातम्या, जे लागेल ते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. घरात आवाज असावा म्हणून आम्ही टीव्ही मोठ्याने लावून ठेवायचो.

मागच्या वर्षी सनाला युनिव्हर्सिटीतून एका सेमिस्टरसाठी जपानला जायला मिळालं. ती कानाझावाला एका कुटुंबात राहायला गेली आणि त्याच घरातली मुलगी, मिओ, अरबी शिकायला इकडे शारजाला आली. सनाची खोली रिकामीच होती. म्हटलं, हॉस्टेलमध्ये कशाला, इथेच राहू दे.

सनाचे रोज व्हॉइस मेसेज यायचे आणि त्यात अर्ध्याहून जास्त टीव्ही. त्या घरातही मिओची आजी सकाळपासून टीव्ही लावून बसायची आणि सना जेवता जेवता तिच्याबरोबर बघायची. “मम्मी, दे पुट सबटायटल्स ऑन एव्हरीथिंग,” सना सांगायची. माणूस जपानीत बोलतो आणि खाली रंगीबेरंगी अक्षरांत पुन्हा तेच जपानीत. कोपऱ्यातल्या चौकटीत दुसऱ्याच माणसांचे चेहरे, जे कार्यक्रम बघून ‘ओऽऽ’ करतात. कुणी नूडल्सचा घास घेतला की सगळे डोळे मिटून खुश. सनाचं म्हणणं, तिचं निम्मं जपानी त्या आजीने आणि टीव्हीने शिकवलं.

मिओला आमच्याकडे रुळायला वेळच लागला नाही. बारीकशी, चष्मा लावणारी, दारात चपला इतक्या सरळ लावायची की आम्हीही नीट लावायला लागलो. इंग्लिश जेमतेम. मला ‘आँटी’ आणि अम्मांना ‘अम्मा’. नव्या शिकलेल्या अरबीचा सराव अम्मांवर करायची — व्हीलचेअर फिरवायची असली की ‘यल्ला, अम्मा’ आणि औषध संपलं की ‘खलास’. तिचे क्लास सकाळी असायचे. दुपारी मी शाळेतून येऊन किचनमध्ये पेपर तपासत बसायचे आणि ती हॉलमध्ये अम्मांच्या शेजारी जमिनीवर बसून टीव्ही बघायची. घरच्या आजीची आठवण येत असेल, असं मला वाटायचं.

पहिल्या आठवड्यातच तिने आवाज कमी केला. मी म्हटलं, अम्मांना ऐकू जाणार नाही. ती म्हणाली, अम्मांना असाच बरा वाटतो, मोठ्या आवाजाने त्यांचं डोकं दुखतं. मी हसले आणि सोडून दिलं.

मग ती टीव्हीवर यूट्यूब लावून जपानी कार्यक्रम दाखवू लागली. एका दुपारी किचनमध्ये मला खोकल्यासारखा आवाज आला, म्हणून धावत गेले. अम्मा हसत होत्या. स्क्रीनवर जपानी बायका-पोरं ओहोटीच्या चिखलात शिंपल्या खणत होती आणि एक जाडा निवेदक तोंडावर आपटला होता. अम्मांचा डावा हात मांडीवर उकरल्यासारखा हलत होता — आपल्याकडे तिसऱ्या काढतात ना, अगदी तसा. मी तिथेच दारात बसले आणि रडले. स्ट्रोकनंतर त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

रात्रीच्या जेवणाला मिओने सहज सांगितलं की अम्माही लहानपणी अशाच जायच्या. एकदा धाकट्या बहिणीचं एक पैंजण चिखलात गेलं. ती रडायला लागली, तर अम्मांनी स्वतःचं एक पैंजण तिच्या पायात घातलं आणि आपल्या उरलेल्या एकावर परकर खाली ओढून चालल्या. आईला कळू दिलं नाही. इक्बाल आणि मी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं इक्बालने सांगितलं असेल, इक्बालला वाटलं मी. विषय तिथेच राहिला.

त्यानंतर महिन्याभराने अम्मांनी जेवण सोडलं.

हळूहळू सोडलं. आधी चपाती, मग भात, मग पेजसुद्धा. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायच्या. तोंड उघडून बघू द्यायच्या नाहीत, हात झटकायच्या. वजन उतरायला लागलं, गाल आत गेले. तपासण्या झाल्या. स्ट्रोकच्या पेशंटची गिळण्याची ताकद कमी होऊ शकते, असं कळलं. शेवटी नाकातून नळी घालून फीड द्यावं लागेल, असं ठरलं आणि तारीखही मिळाली. इक्बाल त्या संध्याकाळी गाडी पार्क करून बराच वेळ वर आलाच नाही. मी खाली गेले तर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. म्हणाला, “ती नळी एकदा गेली की परत निघत नाही, रेहाना. मला माहितीय.”

वर आलो तर मिओ हॉलमध्ये आमची वाट बघत उभी होती. तिला नळीचं कळलं होतं, अस्वस्थ होती. इंग्लिशचे शब्द जुळवत म्हणाली, “आँटी, सॉरी. अम्मा भूक लागते म्हणतात. दात दुखतो. डावीकडे, खाली, सगळ्यात मागचा. गार पाणी लागलं की कानापर्यंत जातं.”

मला चिडायलाही जमेना. अम्मांना चार-पाचच दात उरलेत आणि गिळण्याचे डॉक्टर घसा बघत होते... दाताचा विचार कुणाच्या मनात आला नव्हता, माझ्यासुद्धा नाही. इक्बाल म्हणाला, बघायला काय जातं? दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून आम्ही अम्मांना डेंटिस्टकडे नेलं. गुजराती डॉक्टरीण होती, तरुण. अम्मा तिच्यापुढेही तोंड उघडेनात. तेव्हा मिओ खुर्चीजवळ उकिडवी बसली, काहीतरी पुटपुटली, आणि अम्मांनी तोंड उघडलं.

डावीकडे, खाली, सगळ्यात मागचा. एक्स-रेमध्ये मुळाशी पू दिसला. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबद्दल तिने आधी अम्मांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं आणि मग दात काढला. त्या आठवड्याच्या शेवटी अम्मांनी वाटीभर मऊ भात आणि माशाचं सार खाल्लं आणि डाव्या हाताने वाटी पुढे केली. अजून हवं होतं. नळीची तारीख आम्ही रद्द केली.

इथपर्यंत मी उत्तर शोधू शकते. अम्मांनी गालाला हात लावला असेल, मिओने तो बघितला असेल. माझ्यापेक्षा जास्त वेळ ती त्यांच्याजवळ असायची. मीही तेच धरून चालले होते. म्हणून एक दिवस तिला जवळ बसवून, आभार मानून विचारलं, की अम्मा तुला कळवतात कसं? हाताने दाखवतात?

“नाही, आँटी. बोलतात.”

“कुठल्या भाषेत?”

हा प्रश्न कुणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं. म्हणाली, “जपानीत. थोडं गावाकडचं... आजीसारखं.” आणि मग माझा चेहरा बघून तिचाच चेहरा उतरला. “अम्मा जपानी कुठे शिकल्या, हे मीच तुम्हाला विचारणार होते.”

मी तिला विचारलं, त्यांचे ओठ हलतात का? तिने खूप आठवून बघितलं. म्हणाली, माहीत नाही, आम्ही दोघीही टीव्हीकडे बघत असतो.

त्या संध्याकाळी मी रत्नागिरीला जुबेदा खालांना फोन लावला — अम्मांची धाकटी बहीण. इकडचं तिकडचं बोलून पैंजणाचं विचारलं. मग त्या म्हणाल्या, “हे तुला कोणी सांगितलं? आमच्या दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नाही. बुबूने कसम घातली होती.” बुबू म्हणजे अम्मा. मी म्हटलं, अम्मांनीच सांगितलं. खालांना वाटलं बहिणीला वाचा आली. त्या रडायला लागल्या आणि मला खरं काय ते समजावून सांगता येईना, कारण खरं काय ते मलाच माहीत नव्हतं.

शेवटी मी सायन्स टीचरसारखं वागले. मिओला विचारून, तिच्या परवानगीने, एका दुपारी सोफ्यावर फोन रेकॉर्डिंगला ठेवून मी किचनमध्ये गेले. नंतर ऐकलं. टीव्ही, एसीची घरघर, आणि मिओ. ती काही बोलते, थांबते, हसते, पुन्हा बोलते. अम्मांचा श्वाससुद्धा नाही. ते रेकॉर्डिंग सनाला पाठवलं. तिचा उलट फोन आला आणि तिने एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. मिओ म्हणते, ‘सगळ्यांसमोर?’ मग गप्प. मग, ‘आणि त्यांनी खाल्लं?’ मग हसू. सना म्हणाली, “मम्मी, इट्स लाइक हिअरिंग वन साइड ऑफ अ फोन कॉल.” आणि मग, “शी इज नॉट ॲक्टिंग.”

मला वाईट काय वाटलं असेल तर ते हे की अम्मा बोलतात, पण माझ्याशी नाही. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून अम्मांच्या बोलण्याला कधी कधी कंटाळायचे, आणि आता तेच बोलणं भिंतीपलीकडे चालू होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. एकदा धीर करून मिओला म्हटलं, माझ्यासाठी काही आहे का विचार. तिने विचारलंही नाही. म्हणाली, “तुमच्याबद्दल रोज असतं, आँटी. तुम्ही वर्गात ओरडून घसा बसवून येता, याची त्यांना काळजी वाटते.” मी किचनमध्ये जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

सेमिस्टर संपलं, मिओ परत गेली, सना परत आली. एअरपोर्टला निघताना मिओने अम्मांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. त्यानंतर अम्मा काही दिवस टीव्हीकडे नुसत्या बघत बसायच्या. सनाने जपानी कार्यक्रम लावले, जपानीत बोलून बघितलं. अम्मांनी तिच्या गालावरून हात फिरवला, एवढंच.

मग सनानेच सुचवलं की व्हिडिओ कॉल करू. शुक्रवारी दुपारी, तिकडे संध्याकाळ होती. आमच्या टीव्हीवरच कॉल जोडला. समोर मिओ आणि तिच्या शेजारी, ब्लँकेट लावलेल्या बुटक्या टेबलाशी, तिची आजी — ठेंगणी, पांढरे केस, हातात संत्रं. दोन्हीकडून सगळ्यांचे हात हलवून झाले. नमस्कार, सलाम, सगळं झालं. मग बोलायला काही उरलं नाही. आजी अम्मांकडे बघत होती, अम्मा आजीकडे. इक्बाल कानात म्हणाला, कॉल ठेवूया का? मी त्याला खुणेने थांबवलं.

दोघी गप्प होत्या. ओठ हलत नव्हते — या वेळी मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. आजी मधेच मान डोलवायची, संत्र्याची एखादी फोड तोंडात टाकायची. अम्मांची डावी भुवई वर जायची. एकदा आजीने कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटली, आणि इकडे अम्मांचा तो खोकल्यासारखा आवाज. दोघी एकाच वेळी. मिओ आजीकडे, मग अम्मांकडे, मग पुन्हा आजीकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने आजीने डोळे पुसले आणि टेबलावर डोकं टेकेपर्यंत वाकली. अम्मांनी डावा हात कपाळाशी नेला.

मी मिओला विचारलं, काय बोलल्या? ती म्हणाली, “मला आज काहीच ऐकू आलं नाही, आँटी. पहिल्यांदाच.” तिचा आवाज बारीक झाला होता. मग तिने आजीला विचारलं. आजी संत्र्याची सालं गोळा करत दोन शब्द बोलली आणि उठून गेली. मिओने ते जसंच्या तसं सांगितलं: “आजी म्हणते, इतक्या दिवसांनी कुणीतरी आपल्या वयाचं भेटलं.”

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधायचं थांबवलेलं नाही, पण मिळालेलंही नाही. आता दर शुक्रवारी कॉल असतो. आम्ही तो जोडून देतो आणि हॉलचं दार ओढून घेतो.