शेवटचं अक्षर पी की एन

प्रेस बंद पडली तेव्हा मी ऑफिसात चहाचा कप नुकताच उचलला होता. धनराजभाऊ, आमचे सीनियर फिटर, दारातूनच म्हणाले, "मॅडम, प्रेस उभी राह्यली. दरवाजा पक्का लागला, तरी स्क्रीन म्हणते उघडा हाय."

मी हिंगणघाटच्या एका जिनिंग फॅक्टरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते. जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी होते. उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. प्रेस थांबली की रुई साचते आणि थोड्या वेळात मागची सगळी यंत्रं थांबवावी लागतात. त्यात गेटवर गाठी न्यायला ट्रक उभा होता.

प्रेस चालते पीएलसीवर. पीएलसी म्हणजे पॅनलमधला छोटा कॉम्प्युटर. दरवाजा लागल्याचं सेन्सरने कळवलं, की मगच तो रुई दाबणारा दट्ट्या खाली सोडतो.

डिप्लोमाला पीएलसीचा एकच धडा होता. बाकीचं मी नोकरी करता करता शिकले. मॅन्युअल कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. लॅपटॉपवर सिम्युलेटर चालतो, म्हणजे यंत्र नसतानाही प्रोग्राम चालवून बघता येतो. व्हिडिओ तर ढीगभर आहेत. पण बघताना सगळं समजतं आणि बंद केला की काही उरत नाही. म्हणून मी मध्येच थांबवून तेच हाताने करते. नागपूरहून आणलेला एक जुना पीएलसी घरी पाटावर बसवला आहे. सासूबाई त्याला माझा देव्हारा म्हणतात.

"काही बदललं का आज?" मी विचारलं.

"दरवाजाचा सेन्सर बदलला आताच. जुना फुटला होता. नव्याचा लाइट बी पेटून राह्यला. मग काऊन नाई चालत?"

मी जाऊन पाहिलं. दरवाजा लावला की सेन्सरवरचा दिवा लागत होता, पण पीएलसीवरचा त्याचा दिवा लागत नव्हता. वायर तपासली, ठीक होती. प्रोग्रामही ठीक होता. प्रेस बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. त्यांचा इंजिनिअर म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत पोहोचतो."

तेवढ्यात शेठ आले.

"मॅडम, त्या सेन्सरले बायपास करून टाका ना. दरवाजा लागला का नाई, ते तं आपल्याले दिसतेच."

बायपास म्हणजे दरवाजा कायम बंदच आहे असं पीएलसीला भासवायचं. दोन मिनिटांचं काम. पण गाठीला पट्टी ओवताना त्या दरवाजातून माणसांचे हात आत जातात.

"नाही शेठ. हात आत असताना दट्ट्या आला तर?"

"ट्रकवाला ओरडून राह्यला."

"ओरडू द्या. मला थोडा वेळ हवा."

शेठ गेले नाहीत. तिथेच खुर्ची ओढून बसले. मी लॅपटॉप उघडला.

पीएलसीवाल्यांचा एक ऑनलाइन फोरम आहे. कुठलाही अडलेला माणूस तिथे प्रश्न टाकतो आणि कुठूनतरी उत्तर येतं. मात्र नुसतं 'चालत नाही, मदत करा' लिहिलं तर कोणी ढुंकून बघत नाही. काय होतंय, काय तपासलं, कुठला पार्ट, सगळं लिहावं लागतं. मी तसं लिहीत गेले आणि सेन्सरच्या मॉडेल नंबरवर अडले. तो मला ठाऊकच नव्हता.

उठून नव्या सेन्सरचा नंबर वाचला. मग धनराजभाऊंनी भंगाराच्या डब्यातून जुना काढून दिला. चिंधीने तेल पुसलं. दोन्ही नंबर हुबेहूब सारखे, फक्त शेवटी जुन्यावर पी आणि नव्यावर एन.

हे सेन्सर दोन जातींचे असतात. पीवाला सिग्नलच्या वायरवर प्लस देतो, एनवाला मायनस. आमच्या पीएलसीला प्लस लागतो. एनवाला स्वतःचा दिवा लावतो, पण पीएलसीला काहीच पोचत नाही. पाटावर मी दोन्ही जोडून पाहिले होते, म्हणून ते अक्षर दिसताच उलगडा झाला.

"दिसायले तं जुळे भाऊ हायेत," धनराजभाऊ म्हणाले. त्यांनी लगेच वर्ध्याच्या दुकानदाराला फोन केला. त्याने पीवाला सेन्सर एसटीच्या कंडक्टरजवळ दिला. धनराजभाऊ स्टँडवरून घेऊन आले.

बसवल्यावर आधी दरवाजा उघडा ठेवून स्टार्ट दाबलं. दट्ट्या हलला नाही. मग दरवाजा लावला. पीएलसीवरचा दिवा लागला आणि दट्ट्या खाली आला. पहिली गाठ बाहेर पडली तेव्हा शेठ खुर्चीवरून उठले. "मले वाटलं आजचा दिवस गेला," एवढंच म्हणाले आणि सगळ्यांसाठी समोसे मागवले.

फोरमवरचा प्रश्न मी पाठवलाच नाही. नीट लिहायला बसलं की निम्मे प्रश्न पाठवावे लागत नाहीत, हा माझा अनुभव आहे. उरलेल्या निम्म्यांसाठी मात्र माणूस लागतो.

"त्या इंजिनिअरले नको येऊ म्हणून सांगू का?" शेठनी समोसा खाता खाता विचारलं.

"येऊ द्या," मी म्हटलं. "मला त्यांना बरंच काही विचारायचं आहे."